गोंदणाच्या रेषा संगणकावर कशा जपाव्यात?

प्रश्न : मी सोलापुरात जॅकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरींची नक्षी संगणकावर तयार करते. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात काम करणाऱ्या माझ्या भावाने तेथील बैगा आदिवासी स्त्रियांच्या गोंदणाची छायाचित्रे त्यांच्या संमतीने काढून पाठवली आहेत. त्यांच्या डिजिटल आकृत्या जपून ठेवाव्यात आणि पुढे चादरीवरही उतरवाव्यात, असे मनात आहे. कामाची सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मूळ छायाचित्रांना हात न लावता ती वेगळी ठेवावीत आणि त्यांच्या प्रतीवरून व्हेक्टर रेखाटन (लहान-मोठे केले तरी रेष स्पष्ट राहणारे संगणकीय रेखाटन) करावे, मात्र रेषा आपोआप गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. बैगा स्त्रियांचे गोंदण परंपरेने बादी समाजातील स्त्रिया सुयांच्या जुडीने, काजळापासून केलेल्या रंगाने करतात, त्यामुळे तेथील रेष ही मुळात टिंबांची रांग असते आणि ती सलग केली की गोंदणारणीचा हातच पुसला जातो. वयानुसार रंग कातडीत पसरून रेष जाड होते, हेही नोंदवावे. जाडी अंदाजाने 'दुरुस्त' करू नये. पाठ आणि पोटरी गोलाकार असल्याने एकाच छायाचित्रात कडेच्या आकृत्या आखडलेल्या दिसतात. म्हणून भावाला पुन्हा जाणे जमले, तर मोजपट्टी शेजारी धरून दोन-तीन कोनांतून छायाचित्रे घ्यायला सांगावे.

आकृतीइतकीच तिची जागा महत्त्वाची आहे. बैगा मुलीच्या कपाळावर लहानपणीच गोंदले जाते, पाठ आणि पाय पुढच्या वयात येतात. तेव्हा प्रत्येक फाइलसोबत अवयव, गोंदले तेव्हाचे वय आणि त्या स्त्रीने सांगितलेले नाव तिच्याच बोलीत लिहिले नाही, तर हाती केवळ सुंदर नमुन्यांचा ढीग उरेल.

चादरीसाठी मात्र स्वतंत्र फाइल करावी. आलेखाच्या चौकटीत ताण्याबाण्याच्या, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने बारीक टिंबे पायऱ्यांसारखी होतात, हे आपण जाणताच. ते रूपांतर जतनाची प्रत म्हणून चालणार नाही.

राहता राहिली परवानगी. छायाचित्राची संमती म्हणजे विक्रीची संमती नव्हे. १९५७चा कॉपीराइट कायदा मुख्यतः ओळखता येणाऱ्या कर्त्याचा विचार करतो, पिढीजात आकृतीला त्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. तरीही, सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाचा अभिमान बाळगणाऱ्या गावाने दुसऱ्यांचा वारसा न विचारता विणणे मला उचित वाटत नाही. त्या स्त्रियांना आणि गोंदणारणींना चादरीचा नमुना दाखवून, मोबदला ठरवून, मगच माग चालू करावा.