हर्लिंग पाहताना नजर कुठे ठेवावी?

प्रश्न : आयर्लंडचा काठी-चेंडूचा सांघिक खेळ हर्लिंग पाहायला सर्वांत थरारक, असं म्हणतात. कुस्ती-कबड्डीवर वाढलेल्यांना ते पटेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की पटेल! मैदानी खेळांत आमची पहिली पसंती हर्लिंगलाच. सुरुवातीला मात्र चेंडू दिसतच नाही, कारण अ‍ॅश झाडाच्या लाकडी काठीचा फटका ताशी १५० किलोमीटरपर्यंत जातो. म्हणून चेंडूमागे डोळे पळवू नका. तो उतरणार तिथे हात उंचावणारे खेळाडू पाहा. चेंडू हातात धरून चारच पावलं टाकता येतात. पुढे धावायचं तर तो काठीच्या पसरट टोकावर तोलायचा, आणि शेजारून प्रतिस्पर्ध्याचा खांदा बसत असतो. कबड्डीत मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूला पाहताना श्वास अडकतो ना, तसंच. चेंडू गोलखांबांमधल्या आडव्या दांडीवरून गेला तर १ गुण, खालून जाळ्यात गेला तर ३.