वॉश डागाळतोय म्हणून जलरंग सोडू नका, आधी कागद तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. सोलापूर, शनिवार-रविवारचा क्लास, चार महिने झाले तरी आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसंध थर, दर वेळी डाग-डाग होतो, वर दुसरा थर दिला की खालचा रंग उखडून चिखल होतो, आणि सर सांगतात की तुमचा हात जलरंगाचा नाही, अ‍ॅक्रिलिक करा. अगदी हेच मलाही सांगितलं गेलं होतं, फक्त गाव वेगळं, मी डोंबिवलीची.

आधीच सांगते, मी काही आर्ट स्कूलमधून शिकलेली नाही, बँकेतून रिटायर झाल्यावर ब्रश हातात घेतला. त्यामुळे इथल्या जाणकारांनी चुकलं तर दुरुस्त करा. पण या एका बाबतीत मला खात्री आहे. बोर्ड थोडा तिरका ठेवायचा, वॉशपुरता रंग आधीच कालवून ठेवायचा, मोठा ब्रश घ्यायचा, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. तुम्ही रंगांचा ब्रँड लिहिलाय, ब्रशचे नंबर लिहिलेत, आणि कागदाबद्दल फक्त एवढंच की "क्लासकडून मिळालेलं ३०० जीएसएमचं पॅड". माझ्या मते गोम तिथेच आहे.

३०० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, बस. कागद कापसाचा आहे की लाकडाच्या लगद्याचा, त्याला खळ कशी दिलीय, हे त्या आकड्यावरून काहीही कळत नाही. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तसल्याच कशाची तरी खळ दिलेली असते, साइझिंग म्हणतात ते, त्यामुळे पाणी थोडा वेळ वर थांबतं आणि तेवढ्या वेळात आपण रंग खेळवू शकतो. ही खळ मुळात कमी असेल किंवा पॅड दमट जागी पडून राहिलं असेल तर ती जागोजागी निकामी होते, आणि तिथे रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो. कोऱ्या कागदाकडे कितीही निरखून बघा, काही दिसत नाही, ओला रंग लागला की मगच ठिपके उमटतात.

आता माझा क्लास. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. फी आगाऊ, वर किटचे पैसे वेगळे, आणि किट त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती. बाहेरचा कागद आणलेला चालत नसे, कारण काय तर सगळ्यांचं काम एकसारखं दिसलं पाहिजे. माझे वॉश डागाळायचे तेव्हा उत्तर ठरलेलं, "तुम्हाला पाण्याचा अंदाज नाही." मी पाणी कमी केलं, जास्त केलं, घरी रोज नुसते वॉश घालत बसले, तरी तेच. कागद एकदा बघाल का म्हणून विचारलं तर सर म्हणाले, कागदाला नावं ठेवू नका. फी परत मागायला गेले तर शाखेने मुख्य ऑफिसकडे पाठवलं, मुख्य ऑफिसने पुन्हा शाखेकडे, आणि शेवटी पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं की फी परत मिळत नाही. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. आपल्याला जमणारच नाही असं मनात पक्कं बसलं आणि मी कितीतरी दिवस रंगांची पेटी उघडलीच नाही, ते मात्र अजून टोचतं. शिकवणाऱ्याने हात वाईट म्हणायच्या आधी समोरचा कागद बोटाने चाचपून तरी बघावा की नाही?

पुढे क्लासमधल्याच एका काकूंनी त्यांच्याकडचा शंभर टक्के कॉटन कागदाचा तुकडा दिला. त्यांच्याच डायनिंग टेबलवर दोन्ही कागद शेजारी शेजारी चिकटवले आणि एकाच बशीतला प्रशियन ब्लू एकाच ब्रशने दोन्हीवर ओढला. कॉटनवर प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा टपोरा मणी लोंबत राहिला, पुढचा पट्टा त्या मण्यातून ओढला की जोड दिसेना. पॅडवर मणी धरेचना, अर्ध्यात कड वाळली आणि मध्ये मोहरीएवढे गडद ठिपके उठले. हात तोच, पाणी तेच.

तुम्हीही आज हेच करा. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, इंपीरियल शीट २२ बाय ३० इंचाची असते, तिचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकराचे होतात, शिकायला भरपूर. काही दुकानदार अर्धी शीटही देतात. हातकागद घेणार असाल तर आधी एकच नग आणून बघा, सुती असला तरी खळ कमी-जास्त असते. टेस्टला अल्ट्रामरीन निळा घेऊ नका, तो मुळातच दाणेदार बसतो, मग डाग कुठला आणि दाणा कुठला हे कळायचं नाही. त्याआधी नुसत्या पाण्याचा पट्टा ओढून उजेडात तिरकं बघा, चमक सगळीकडे सारखी हवी, मध्येच मंद ठिपके दिसले तर खळ गेलेली आहे.

सोलापूरचा उन्हाळा हाही एक भाग आहे. पंख्याखाली बसू नका, सकाळी लवकर रंगवा, कागद मागून-पुढून ओला करून बोर्डवर पसरा म्हणजे जास्त वेळ ओला राहील. आमच्याकडे पावसाळ्यात उलटं, वॉश वाळतच नाही आणि कागदाला बुरशी धरते, मी शीट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे पण लिहितेच. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या बहुतेकांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो, फिकट हवं की पांढरा मिसळायचा. पांढऱ्याची ट्यूब सध्या कपाटात ठेवा. फिकट रंग पाण्याने करायचा आणि पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. हे माझं मत, पांढरा वापरून सुंदर काम करणारेही आहेत.

आणि जलरंग म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या आधीची पायरी असं तुमचे सर म्हणत असतील तर त्यांना म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं चित्र दाखवा, दिव्यापुढे हात धरलेली ती बाई. कित्येक जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, आणि ते आहे जलरंगात.

क्लास सोडा असं मी सांगणार नाही, तुमची फी भरलेली आहे आणि तुमचे सर कदाचित बाकी चांगलं शिकवत असतील. फक्त कागद स्वतःचा नेऊ देतात का विचारा. नाही म्हणाले तर तिथे त्यांच्या पॅडवर ड्रॉइंग आणि पेन-वॉश (पेनाच्या रेषांवर हलका रंग) करा, मोठे वॉश घरी. उरलेलं पॅड फेकू नका, रंगांचे नमुने काढायला, छोटी कंपोझिशन करून बघायला ते चालतं. दोन्ही कागदांवरच्या वॉशचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका, फ्लॅश नको, मी बघून सांगते.