जिवाणू खताने मातीतील विविधता वाढते का?

प्रश्न : आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी माती आम्लधर्मी), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे आहेत, जिवाणूंविषयी काहीच नाही. भातखाचरात जिवाणू खताची बाटली ओतल्यास मातीतील जिवाणूंची विविधता वाढेल का?
— एक शेतकरी वाचक, मुरबाड (जि. ठाणे)

उत्तर : बाटलीने विविधता वाढत नाही. तिच्यात बहुधा एखाददुसऱ्याच प्रकारचे, म्हणजे हवेतील नत्र बांधणारे ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू असतात. खाचरातील एका ग्रॅम मातीत मात्र हजारो प्रकारांचे कोट्यवधी जिवाणू आधीच नांदत असतात आणि बाहेरून आलेल्यांना अन्नासाठी व जागेसाठी त्यांच्याशी झगडावे लागते. अशा खतांचा पिकाला लाभ होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण विविधता ही वेगळी गोष्ट आहे.

पत्रिकेतील १२ घटकांत जिवाणूंची गणना नसते. मातीतील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांची ओळख मातीतील डीएनएवरून पटवावी लागते. तरीही पत्रिकेतील सामू आपण अवश्य पाहावा. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील मातींच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूंच्या विविधतेचा सर्वांत घट्ट संबंध सामूशीच आढळला : उदासीन (ना आम्ल, ना अल्क) मातीत ती जास्त, आम्लधर्मी मातीत कमी. आपल्याकडच्या मुसळधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुपून जाते व माती आम्लधर्मी होते. खाचरात पाणी असेपर्यंत सामू उदासीनतेकडे सरकतो, पण भातानंतर वाल पेरताना आम्लता पुन्हा जाणवते. सामू फारच कमी असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून चुना घालावा.

खाचराचे मला विशेष अप्रूप वाटते. पाण्याखाली मातीच्या अगदी वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, त्याखाली तो नसतो आणि भाताच्या मुळांतून झिरपल्यामुळे मुळांभोवती तो पुन्हा मिळतो. म्हणून मिथेन तयार करणारे आणि तोच मिथेन खाऊन जगणारे सूक्ष्मजीव काही मिलिमीटरांच्या अंतरावर राहतात. साचलेल्या पाण्यातील नीलहरित शैवाल हवेतील नत्र बांधते, हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्येच भातशेतीच्या संदर्भात दाखवून दिले होते.

राब भाजल्याने, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर शेण व पाला पसरून जाळल्याने, वरच्या थरातील जीव मरतात, पण खालून व बाजूने ते परततात. मला खरा तोटा दिसतो तो जळून गेलेल्या शेणाचा व पाल्याचा, कारण तेच कुजवून खाचरात घातले असते तर जिवाणूंना वर्षभर अन्न मिळाले असते. भातानंतर जमीन मोकळी न ठेवता वाल घ्यावा आणि फुलोऱ्यात एक रोप हलकेच खणून मुळांवरील गाठ कापून पाहावी : आत गुलाबी रंग दिसला, तर गाठीतील, हवेतला नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू कामाला लागले आहेत.