तडा वेल्डपाशीच का जातो

अरे, नुसतं तापमान बघून स्टेनलेस स्टीलचा ग्रेड (प्रकार) ठरवू नकोस, पार्ट किती वेळा तापतो न् गार होतो ते आधी विचार. ३०४, म्हणजे नेहमीचं स्टेनलेस, सतत तापलेलं असेल तर साधारण ९२५ डिग्रीपर्यंत चालतं, पण गरम-गार चालू असेल तर ८७० च धर, कारण वरची ऑक्साइडची खपली दर वेळी सुटते. त्यात हे साध्या स्टीलपेक्षा जवळपास दीडपट फुगतं आणि उष्णता पुढे न्यायला महाआळशी, म्हणून एक बाजू लाल नि दुसरी गार, वर दोन्हीकडून आवळलेलं असलं की ताण जाणार कुठे, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडतेच. जाडी वाढवलीस तर बहुतेक वेळा उलट बिघडतं! एक टोक सरकायला मोकळं ठेव, आणि एक्झॉस्टसारखं काम असेल तर ४४१ सारखा फेरिटिक (चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचा) ग्रेड बघ, तो कमी फुगतो.