बॉडीही पाठवायची का?

प्रश्न : लग्नाच्या कामात माझी ८५ एमएम लेन्स स्टेजवरून पडली. तेव्हापासून व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) नवरीच्या डोळ्यावर फोकस केला तरी नाक शार्प येतं. कंपनीकडे नुसती लेन्स पाठवू की डीएसएलआर बॉडीही (लेन्स काढलेला कॅमेरा)? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही पाठवा. पण त्याआधी घरीच एक खेळ करून पाहा. टेबलावर स्टीलची पट्टी तिरकी ठेवा, १५ च्या आकड्याशी काडेपेटी उभी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं. काडेपेटीवर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. लाइव्ह व्ह्यूत फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो; व्ह्यूफाइंडरने काढताना आरशाखालचा वेगळा सेन्सर ते काम करतो. पहिल्या फोटोत १३ चा आकडा शार्प आणि दुसऱ्यात काडेपेटी, असं आलं तर बॉडी-लेन्सचं जुळत नाहीये. मग तुमच्या बॉडीत एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवायची मेन्यूतली सोय) असेल तर उणे २० ते अधिक २० मध्ये हलवून तात्पुरतं भागेल. मात्र दोन्ही फोटोंत एकच बाजू धूसर असेल, तर आतली काच सरकलीय. तिथे मेन्यूचा काही उपयोग नाही.

मी एकदा नुसती लेन्स पाठवली, चिठ्ठीत लिहिलं, 'फोकस नीट नाही.' तीन आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली, सोबत शेरा : दोष आढळला नाही. चिडलो, पण चिठ्ठी माझीच होती! पुढच्या वेळी बॉडी, पट्टीच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह आणि 'दोन मीटरवर, अ‍ॅपर्चर १.८ ला, फोकस पुढे पडतो' असं लिहून दिलं. काम झालं.

पडल्याचं लपवू नका, फिल्टरच्या रिंगेवरचा पोचा त्यांना दिसतोच. वॉरंटी अशा वेळी बहुधा लागू होत नाही, म्हणून 'एस्टिमेट मंजूर केल्याशिवाय खोलू नये' असं स्पष्ट लिहा. सीरियल नंबरचा फोटो ठेवा. बॅटरी, कार्ड, पट्टा, हूड घरीच. खोक्यात थर्माकोलचे मणी भरू नका, ते माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या जागी, शिरतात.

आषाढीनंतर मुहूर्त थांबले की लगेच पाठवा, तुळशीच्या लग्नापर्यंत हाताशी वेळ राहील. आणि आतल्या खोक्यालाही प्लास्टिकची पिशवी चढवा. आपल्याकडचा पाऊस कुरिअरच्या टेम्पोतही शिरतो.