आमच्या गल्लीत सर्व्हेवाला आलाच नाही, मग हा कौल कुणाचा?

प्रश्न : सर, मी पूर्व भागात राहते, घरी विड्या वळते. इतक्या निवडणुका झाल्या पण आमच्या गल्लीत एकपण सर्व्हेवाला आला नाही. तरी टीव्हीवर छातीठोक सांगतात की जनतेच्या मनात अमुक आहे. दोन-तीन हजार लोकांना विचारून एवढ्या सगळ्यांचं मन कसं कळतं?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आकडा लहान आहे म्हणून सर्व्हे खोटा, असं नसतं बरं का. चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी माणसं निवडली तर हजारभर लोकांवरूनसुद्धा तीनेक टक्के इकडंतिकडं एवढ्या फरकानं अंदाज येतो. उलट मोठाच आकडा फसवतो कधीकधी. 1936 ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी एका साप्ताहिकानं मत विचारायला जवळपास 1 कोटी लोकांना कार्डं पाठवली, 20 लाखांच्या वर परत आली, आणि त्यावरून सांगितलं की रूझवेल्ट पडणार, प्रत्यक्षात ते 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते बरेचसे फोन आणि मोटारी असलेल्यांचे होते ना, आणि कार्ड परत पाठवणारेही ठरावीकच, गरिबाला विचारलंच नव्हतं धड.

म्हणजे खरा प्रश्न माणूस निवडला कसा हा आहे. दिल्लीत रजनी कोठारींनी 1963 ला सीएसडीएस ही संस्था काढली, तिथं लोकनीती नावानं निवडणुकांच्या सर्व्हेचं काम चालतं, पुण्याचे सुहास पळशीकर सर त्यात बरीच वर्षं होते. त्यांची पद्धत मला पटते, आधी मतदारसंघ निवडायचे, मग बूथ, मग मतदार यादीतून नावं, आणि ज्याचं नाव निघालं त्याच्याच घरी जायचं. मत कुणाला दिलं हे तोंडी वदवून घेत नाहीत, नमुन्याची मतपत्रिका हातात देतात, खूण करून डब्यात टाका म्हणतात, कारण दारात शेजारी उभे असतात, घरातली मोठी माणसं ऐकत असतात, बाई मोकळेपणानं काय बोलणार?

आता हे आपल्या सोलापुरात करून बघा. यादीत नाव निघालं तो माणूस पॉवरलूमवर शिफ्टला, त्याची बायको विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, आणि सर्व्हेच्या पोराला संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून द्यायचेत, मग तो कोपऱ्यावरच्या टपरीवर जो भेटेल त्याला विचारून मोकळा होतो. टपरीवर पुरुषच जास्त, त्यात रिकामा वेळ असलेले. शिवाय घरात तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे, आणि प्रश्न पुस्तकी मराठीत, मग म्हातारी माणसं "माहीत नाही" म्हणतात आणि त्यांचं मत तिथंच गळतं. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे, चॅनलवाल्यांनी माणसं कशी निवडली हे सांगितलं नाही तर तो आकडा मनावरच घेऊ नका.

प्रश्न : 2024 च्या लोकसभेला सोलापुरात काँग्रेस आली, सहा महिन्यात विधानसभेला भाजप. लोकांचं मन एवढं पटकन फिरतं का हो?
– एक कॉलेज विद्यार्थी, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : जूनमध्ये प्रणिती शिंदे 74 हजारांच्या वर मतांनी निवडून आल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्याच लोकसभेतल्या सहापैकी पाच जागा भाजपला, फक्त मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडं, हे खरंय. मधे लाडकी बहीण आली, उमेदवार वेगळे, प्रश्न वेगळे. पण त्यातल्या कशानं किती फरक पडला हे निकालावरून कळतच नाही. निकाल बूथचा असतो, माणसाचा नाही. अमुक बूथवर अमुक समाज जास्त म्हणून त्यांनीच मतं फिरवली असं कट्ट्यावर सर्रास बोलतात, ते मला अजिबात पटत नाही, कदाचित जूनला आलेले घरीच बसले असतील आणि दुसरेच बाहेर पडले असतील. त्यासाठी त्याच माणसांना दोन्ही वेळेला विचारावं लागतं, आणि ते खर्चिक काम आहे, म्हणून फार कमी होतं.

अजून एक, जागा फिरल्या म्हणजे मतं तेवढीच फिरली असं नसतं. देशात भाजपला 2019 ला 37.4 टक्के मतं आणि 303 जागा होत्या, 2024 ला 36.6 टक्के आणि 240. मतं टक्काभरही नाही घसरली, जागा 63 गेल्या. जास्त मतं त्याचा खासदार, अशी आपली पद्धत आहे, त्यामुळे विरोधक कुठं एकत्र आले आणि कुठं फुटले यावर सगळा खेळ फिरतो. तू राज्यशास्त्र घेतलं असशील तर सोलापूरच्या सहाही जागांचे लोकसभेचे आणि विधानसभेचे बूथवार आकडे निवडणूक आयोगाकडून काढ, फॉर्म 20 म्हणतात त्याला, आणि एकूण झालेलं मतदान किती वाढलं-घटलं ते आधी बघ, पक्ष नंतर.