टर्कीला हाक देताना: पहिल्या वसंतासाठी

जंगली टर्की पक्ष्याच्या शिकारीचा पहिलाच सीझन ना? मग ढीगभर कॉल (टर्कीचा आवाज काढायची साधनं) घेऊ नका. एक बॉक्स कॉल, म्हणजे झाकण घासून आवाज काढायची छोटी पेटी, पुरे. मादीची साधी हाक, म्हणजे 'यल्प', घरी घोटून घ्या. सुरापेक्षा लय महत्त्वाची.

नवखे हमखास चुकतात ते इथे: नराने उत्तर दिलं की हाकांचा सपाटा लावतात. एरवी मादी नराकडे जाते, आपण उलटं घडवू पाहतोय. सतत हाका ऐकल्या की तो जागीच पिसारा फुलवून थांबतो. जवळ येऊ लागला की गप्प बसा, हलू नका. शोधत येऊ द्या त्याला.

आणि जिवाशी संबंधित दोन गोष्टी:
- हाक देण्याआधी खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकवून बसा.
- लाल, निळं, पांढरं अंगावर नको. नराच्या डोक्याचे तेच रंग; दुसरा शिकारी फसू शकतो.

तोंडात धरायचा डायफ्राम कॉल पुढच्या वर्षी बघू.